न वाचलेला अर्ज

तुम्हाला सांगते आहे ते अजून कुणालाच सांगितलेले नाही. नवऱ्यालाही नाही. माझी सध्या स्तुती चालली आहे, आणि ती ऐकताना मान खाली घालण्याची माझी जुनी सवय लोकांना विनय वाटते. विनय? छे — पण ते ओघाने येईलच.

धारवाडमधल्या एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात मी आवक-जावक सांभाळते. संस्थेच्या नऊ शाळा, त्यांतल्या सहा खेड्यांत. गेल्या महिन्यात सगळ्या शाळांच्या लिपिकांना बोलावून घेतले आणि ‘कागदांच्या गर्दीत काम नीटनेटके कसे ठेवावे’ यावर मला बोलायला सांगितले. मी तासभर बोलले. कन्नडमध्ये. फळ्यावर कन्नडमध्येच लिहिले, आणि खेड्यांतून आलेले हाताने लिहिलेले अर्ज उदाहरणादाखल तिथल्या तिथे वाचून दाखवले. माझ्यासारखी बाई — जिला चाळिशीपर्यंत चार माणसांत स्वतःचे नाव सांगतानाही घाम फुटत असे — फळ्यापाशी उभी होती आणि आवाज कापत नव्हता. तो आनंद खोटा होता असे मी म्हणणार नाही. तो मी कमावला होता. प्रश्न इतकाच, की कुणाच्या जिवावर?

मी मूळची सांगलीची. संस्कृतमध्ये एम. ए. केले, लग्न होऊन धारवाडच्या सप्तापूर भागात आले आणि बावीस वर्षे घर सांभाळले. कन्नड शिकले ती भाजीवाल्यांकडून, शेजारणींकडून. आता तर भांडणसुद्धा त्याच भाषेत करते. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिली नोकरी लागली, तेव्हा सगळ्यांनी धरूनच चालले की इतके अस्खलित बोलणाऱ्या बाईला वाचताही येत असणार. मीही तसे धरून चालू दिले. सुभाष रोडवरच्या दुकानांच्या पाट्या मी रेंगाळत वाचू शकत होते. पण हाताने लिहिलेले कन्नड? व आणि म जुळ्या बहिणींसारखे, आणि अक्षरांखाली लटकणारी जोडाक्षरे म्हणजे तर माझ्यासाठी नुसती वेलबुट्टी.

आता कार्यालयाचे चित्र डोळ्यांसमोर आणा. रोज साठ-सत्तर ई-मेल. चौदा व्हॉट्सॲप गट, आणि प्रत्येक मुख्याध्यापकाला वाटे की आपण फोटो टाकला म्हणजे पत्र पोहोचले. शिवाय खेड्यांतल्या शाळांचे कागद थैलीतून घेऊन येणारे इराप्पा अण्णा. आलेला कागद नोंदवहीत चढवायचा — तारीख, कुणाकडून, विषय. विषय! न वाचता तो कसा लिहायचा? मग हाताने लिहिलेले कन्नड कागद मी एका हिरव्या फोल्डरमध्ये सरकवू लागले. सवडीने बघू, म्हणत. नोंद न करता. पाच वाजता माझे टेबल आरशासारखे स्वच्छ असे. ‘बाईंचे टेबल बघा,’ कार्यवाह सर इतरांना सुनावत.

त्या वर्षी मे महिन्यात बदल्या ठरल्या. जूनमध्ये एका दुपारी रेणुका नावाची शिक्षिका कार्यालयात आली. तिचा सात वर्षांचा मुलगा ऐकू न येणारा. धारवाडच्या विशेष शाळेत त्याला प्रवेश मिळाला होता आणि तो मावशीकडे राहत होता. त्याच्याजवळ राहता यावे म्हणून तिने धारवाडला बदली मागितली होती. अर्जाचे काय झाले, एवढेच ती विचारत होती. सरांनी इराप्पा अण्णांना बोलावले. अण्णा म्हणाले, “दिला की मी. अक्कांच्या हातात दिला.” सरांनी माझ्याकडे पाहिले. मी नोंदवही उघडून मे महिन्याचे पान त्यांच्यापुढे धरले. त्यात तसली नोंद नव्हती.

नोंद नाही म्हणजे कागद आला नाही. आमच्याकडे हाच नियम. अण्णांची थैली काढून घेतली गेली आणि त्यांना फाटकावर बसवण्यात आले. रेणुका संध्याकाळच्या बसने गावी परत गेली.

इथून पुढचा भाग सांगताना मला बरे वाटते, म्हणून तो आधी सांगते.

ऑगस्टमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, मी हिरव्या फोल्डरमधला एक कागद घेऊन फाटकाशी गेले. अण्णांचे अक्षर सुंदर आहे, हे मला ठाऊक होते. “हस्ताक्षर लागत नाही हो,” मी त्यांना म्हणाले. त्यांनी कागदाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि बाकावर जागा करून दिली. पुढचे चार महिने मी त्या बाकावर शिकले. मी अडखळले की ते हसत: “काय अक्का, जीभ धारवाडला आली आणि डोळे सांगलीलाच राहिले का?” एकदा मी ‘रजा’ला ‘राजीनामा’ वाचले, तर म्हणाले, “बघा हां, एका मास्तराची नोकरी घालवाल.” मी हसले. कशी हसू शकले?

त्यांनी मला वाचायलाच शिकवले असे नाही. कागद कुणी पाठवला यावरून मी तो लावत असे — मोठ्या माणसाचा वर, लहानाचा खाली. अण्णा म्हणाले, “पाठवणारा सोडा. या कागदासाठी कोण वाट बघत बसलंय, ते बघा.” आज माझी सगळी पद्धत याच वाक्यावर उभी आहे. न वाचलेला कागद हातावेगळा करायचा नाही. कोण वाट पाहते आहे ते पेन्सिलीने कोपऱ्यात लिहायचे. चौदा गटांचे तीन केले. फोटो आला तर त्याचीही नोंद. ‘सवडीने’ नावाची जागाच ठेवायची नाही. फोल्डरमधले एकशे सत्त्याऐंशी कागद मी एकेक करून वाचून संपवत आणले, आणि डिसेंबरच्या एका सकाळी, कुणाच्याही मदतीशिवाय, पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत न अडखळता वाचला तो रेणुकाचा अर्ज.

मी तो घेऊन सरळ सरांकडे गेले. जानेवारीत रेणुका धारवाडच्या शाळेत रुजू झाली. पहिल्याच आठवड्यात ती मुलाला घेऊन आली. त्याने हातांच्या खुणांनी मला काहीतरी सांगितले, तिने अर्थ सांगितला — ‘आई रोज घरी असते.’ अण्णांना थैली परत मिळाली. आज नऊही शाळांत माझी पद्धत चालते आणि गेल्या वर्षभरात आमच्याकडे एकही अर्ज अनुत्तरित राहिलेला नाही. हे मी अभिमानाने सांगते.

पण सरांना मी सांगितले काय? ‘दुसऱ्या कागदांना चिकटून आला असावा, ढिगाऱ्यात माझ्या नजरेतून सुटला.’ त्यांनी लगेच समजून घेतले. “तुमच्यावर किती कागदांचा मारा असतो, बाई.” सगळ्यांनीच समजून घेतले. गर्दी हे किती सोयीचे कारण — नाही का?

खरे असे आहे. मेमध्ये तो अर्ज माझ्या हातात ठेवताना अण्णा म्हणाले होते, “रेणुका टीचरांचा आहे, तेवढा आधी बघा.” जूनच्या त्या दुपारी मला ते शब्द आठवत होते. हिरवा फोल्डर माझ्या डाव्या हाताच्या खणात होता. सरांची खुर्ची तिथून चार पावलांवर. खण उघडला असता, तर सगळ्यांसमोर तो अर्ज शोधावा लागला असता, आणि मला वाचता येत नाही हे उघड झाले असते. म्हणून मी नोंदवही उघडली. जाणूनबुजून. एका माणसाच्या शब्दासमोर मी माझे कोरे पान धरले आणि ते जिंकले. एका मुलाची आई सात महिने त्याच्यापासून दूर राहिली, ती मला लाज वाटत होती म्हणून.

आणि फाटकावरच्या बाकावर, मला जोडाक्षरे समजावता समजावता, अण्णा एकदा स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले होते, “वय झालं, अक्का. मला अजून वाटतं, मी तो दिला होता.” मी कागदावरून नजर उचलली नव्हती.

हे मराठीत लिहून झाले. आता हेच कन्नडमध्ये लिहायला घेतले आहे, हाताने, त्यांनी शिकवलेल्या अक्षरांत. सोमवारी ते थैली घेऊन येतील तेव्हा त्यांच्या हातात देईन आणि त्याची एक प्रत सरांच्या टेबलावर ठेवीन. नोंदवहीत दोन्हींची नोंद करीन. पहिली ओळ लिहिली आहे: अण्णा, तुम्हाला बरोबर आठवत होते, अर्ज तुम्ही माझ्याच हातात दिला होता.