डाव्या हातात पेलेल अशी ड्रिल मशीन

अर्धांगवायूच्या झटक्यातून अण्णा, म्हणजे माझे वडील, उठले. पण उजवा हात काही पूर्वीसारखा झाला नाही. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. दिवसभर डाव्या हातानं उजव्याची बोटं चोळत बसायचे. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. एका सकाळी म्हणाले, "शाहूपुरीत जाऊया. नवी ड्रिल मशीन घ्यायची हाय. जुनी आता पेलत न्हाय."

एका हातानं ते मशीन कशी चालवणार? पण नको म्हणवेना.

दुकानात त्यांनी सगळ्यात दणकट मशीन उचलली, काँक्रीट फोडणारी. डाव्या हातात ती एका बाजूला कलली. मी पटकन खाली हात धरला.

"काढ हात!" ते ओरडले. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

"अण्णा, बॅटरीवरची हलकी घ्या की. पायात वायरही येणार नाही."

"ते खेळणं हाय. सागवानात अडकलं की बंद पडंल."

दुकानदारानं विचारलं, "पावणं, काम भिंतीचं जास्त, का लाकडाचं?"

अण्णा मशीन ठेवून बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले, तर घराला कुलूप. आत त्यांचा फोन वाजतोय, माणसाचा पत्ता नाही. गल्लीच्या तोंडापर्यंत जायचं, परत यायचं, शेजारी विचारायचं, पुन्हा जायचं. कुठं पडले असतील, रस्ता कसा ओलांडला असेल, नको नको ते मनात येत होतं. शेवटी रिक्षा थांबली. अण्णा उतरले, काखेत खोकं.

"सागाचा तुकडा घेऊन गेलतो. एकेक मशीन त्यावर चालवून बघितली. बॅटरीचीच घेतली. बोट दाबशील तसा वेग धरती, आणि टोकाचं बिट अडकलं तरी मनगट पिरगाळत न्हाय."

"सांगून तरी जायचं!"

"सांगितलं असतं तर तू आली असतीस की."

मला रडू आलं आणि रागही. मी आत जाऊन चहा टाकला.

बाहेर सोप्यात, म्हणजे ओसरीवर, मशीन घरघरायला लागली. मध्येच आवाज थांबला, की माझा हात थांबायचा. दोनदा दारापर्यंत जाऊन परत फिरले.

मग हाक आली, "इकडं ये. फळी धर."

मी गुडघ्यावर बसून फळी दाबून धरली. भोक तिरकं गेलं.

"वाकडं झालं," अण्णा म्हणाले, आणि बिट थोडं पलीकडं टेकवलं.