उसना थकवा

लोक घरी जाताना उसनं अवसान आणतात. ही बाई उसना थकवा आणायची. दुसऱ्या मजल्याच्या अलीकडे जिना वळतो, तिथल्या पायरीवर ती पिशवी मांडीवर घेऊन बसायची. तोंडावरून दोनदा हात फिरवून हसू पुसायची, खांदे पाडायची, एक लांब सुस्कारा सोडायची आणि उरलेल्या पायऱ्या पाय ओढत चढायची. दार लोटलेलंच असायचं. खिडकीजवळच्या खुर्चीतून नवरा विचारायचा, "दमलीस?"

"काय विचारता," ती म्हणायची.

काम सोपं नव्हतंच. हॉस्पिटलच्या शिवणखोलीत ती एकवीस वर्षं चादरी दुरुस्त करत होती. चादर खिडकीच्या उजेडात धरायची, मधे विरलेली दिसली की उभी फाडायची आणि धड राहिलेल्या कडा मधे घेऊन जोडायच्या. विरलेला भाग कडेला जातो आणि गादीखाली खोचला जातो. हिच्या नजरेतून विरलेली जागा सुटत नाही, असं मेट्रन नव्या बायकांना सांगायची. पण हे काम साडेचारला संपायचं. साडेचार ते सव्वापाच ही बाई टेबल टेनिस खेळायची.

बावन्नाव्या वर्षी, होय. बॉयलर सांभाळणाऱ्या बॉयलरकाकांना चौथा गडी हवा होता. त्यांनी विश्रांतीच्या खोलीत पाणी प्यायला आलेल्या तिच्या हातात बॅट कोंबली. पहिल्या दिवशी तिने चेंडू तीनदा कपाटाखाली घालवला. चौथ्या महिन्यात तिच्यासमोर उभं राहायला बॉयलरकाका आढेवेढे घेऊ लागले. जिंकली की ती मोठ्याने हसायची, हरली की त्याहून मोठ्याने. इतकं हसू आपल्यात होतं कुठे, हे तिचं तिलाच कळेना.

आणि घरी तो. जन्मभर दुसऱ्यांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि आजारपण काढायला मिळाली ती बिनलिफ्टची इमारत. दीड वर्षापूर्वी त्याची उजवी बाजू लुळी पडली. बोलणं परत आलं, पण शब्द सावकाश यायचे. दिवसभर शेजारीण अधूनमधून डोकावायची. तो असा खुर्चीला खिळलेला असताना आपण चेंडू मारत खिदळतो, हे तिला खायचं. म्हणून सव्वापाचला बॅट ठेवली की तिचा चेहरा उतरायला लागायचा, आणि जो उतरायचा राहायचा तो ती जिन्यावर उतरवायची. "हल्ली काम वाढलंय," असंही तिने सांगून ठेवलं होतं.

आधी संध्याकाळी ती त्याला खाली न्यायची. छत्तीस पायऱ्या, मग फाटकापर्यंत. तिथे पत्रपेटीला टेकून तो येणाऱ्या-जाणाऱ्या बस बघायचा, ड्रायव्हरांना नावं ठेवायचा, आणि खुशीत परत यायचा. तिचा खेळ सुरू झाला आणि दोन-तीन आठवड्यांत तो म्हणाला, "आज नको." मग म्हणाला, पाय दुखतो. तिने दोनदा आग्रह केला, तिसऱ्यांदा केला नाही. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं होतं. छत्तीस पायऱ्या वाचल्या. याला आता आठ महिने झाले.

परवा ती अशीच वळणावर बसून तोंड पुसत होती, तर वरून नवऱ्याकडून पायाचे व्यायाम करून घेणारी मुलगी उतरली. ती पंधरा दिवसांनी एकदा यायची, एरवी दुपारी. त्या दिवशी तिला उशीर झाला होता.

"बसा, बसा," मुलगी म्हणाली. "काका म्हणतात ते खरंच आहे की. किती दमता तुम्ही."

"काय म्हणतात?"

मुलगी जरा घुटमळली. "सांगू नको म्हणालेत. पण पाय आखडत चाललाय, आता न सांगून चालणार नाही. त्यांचा पाय दुखत नाही हो. तुम्ही रोज इथे बसता, उसासा टाकता, ते त्यांना वर ऐकू येतं. म्हणाले, ती एवढी थकून येते, वर माझं ओझं कशाला."

मुलगी गेली. बाई तिथेच बसून राहिली. आता पाय खरोखरच उचलेनात. खेळल्याची नव्हे, त्या सुस्काऱ्याची तिला लाज वाटली. आपला आनंद लपवायला आपण त्याचा होता तेवढा आनंद काढून घेतला, आणि वर हायसं वाटून घेतलं. तिला ढसाढसा रडू आलं. हे मात्र तिने तोंडात पदर कोंबून आवाज न करता उरकलं.

वर गेली तेव्हा त्याने विचारलं, "दमलीस?"

"नाही," ती म्हणाली. "दमत नाही मी. खेळून येते. टेबल टेनिस. आठ महिने झाले. खूप मजा येते मला, अहो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून दमल्याचं सोंग करत होते."

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. तिला वाटलं, आता बोलेल, चार शब्द सुनावेल. सुनावले असते तर बरं झालं असतं.

"जिंकतेस?" त्याने विचारलं.

"बहुतेकदा."

"चप्पल आण माझी."

ती त्याला धरून निघाली. आठ महिन्यांपूर्वी तो फाटकापर्यंत जायचा. त्या दिवशी नऊ पायऱ्यांत त्याचा पाय थरथरायला लागला. वळणावर, तिच्याच त्या पायरीवर, तो बसला. कपाळावर घाम आला होता. ती शेजारी बसली.

"बस दिसणार नाहीत इथून," तो म्हणाला.

"उद्या अजून चार उतरू."

"उद्या खेळ असेल तुझा."

"खेळून येते, मग उतरू."

त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. "दमशील."

"नाही दमणार," ती म्हणाली, आणि त्याला उठवायला खांदा पुढे केला.