डोक्याची सोनोग्राफी

बाबांनी दारू सोडली त्याला नऊ वर्षं झाली, असं बाबा म्हणायचे. आई म्हणायची, सोडली कुठे, लपवायची जागा बदलली. उजवा हात बसल्या जागी थरथरायला लागला, चालताना पाय घासायला लागले, तेव्हा तिला पुरावाच मिळाला. आमच्या मुरबे गावात म्हातारा असा चालायला लागला की लोक कारण विचारत नाहीत. आई रोज संध्याकाळी त्यांचं तोंड हुंगायची. वास यायचा नाही. "हल्ली बिनवासाची पन मिलते," असं तिचं मत. बाबांनी देवीची शपथ घेतली, मग माझी. माझी घेतल्यावर ती जास्तच भडकली. शेवटी त्यांनी बोलणंच कमी केलं, तर तेही नशेच्या खात्यात गेलं. खरं सांगायचं तर मलाही आईचंच पटत होतं. त्याची अजून लाज वाटते.

बोईसरला महिन्यातून एकदा मुंबईचे मेंदूचे डॉक्टर येतात. मी तिथेच कारखान्यात नोकरीला, म्हणून नंबर मी लावला. त्यांनी बाबांना चालवलं, बोटांची उघडमीट करायला लावली आणि म्हणाले, "पुढच्या खेपेला डोक्याची सोनोग्राफी करू."

आमच्या घरात सोनोग्राफी दोनदाच झाली होती, आईच्या मूतखड्याची आणि माझ्या बाळंतपणात. त्यामुळे नियम सगळ्यांना पाठ: भरपूर पाणी प्यायचं आणि लघवी धरून ठेवायची. मी म्हटलं, ही डोक्याची आहे. आई म्हणाली, "डोक्याची असली तरी सोनोग्राफीच ना?" मुरब्याहून निघण्याआधी तिने बाबांना दोन तांबे पाजले, आणि वर एक बाटली रिक्षात.

दवाखान्यात 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' या पाटीखाली बाबा गुडघे आवळून बसले. नंबर यायला दीड तास लागला. आई मधून मधून "धरून ठेवा हा" म्हणत होती. आत गेल्यावर डॉक्टरांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मी कारण सांगितलं, आणि ते म्हणाले, "आजोबा, आधी जाऊन या."

मग कानाच्या पुढे, कानशिलावर जेल लावून तपासणी झाली. "या वयात हाड जाड असतं, काहींचं आतलं दिसतच नाही," डॉक्टर म्हणाले. "तुमचं छान दिसतंय."

"पयल्यापासून पातलच हाय," आई म्हणाली.

पडद्यावर फुलपाखरासारखा काळसर आकार होता आणि त्यात एक पांढुरका पट्टा. तो इतका उजळ दिसायला नको, असं डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं. मग म्हणाले, "एकट्या या चित्रावर मी ठरवत नाही. पण हात, चाल आणि हे, सगळं मिळून पार्किन्सनच वाटतोय. पूर्ण बरा होत नाही. गोळ्यांनी आटोक्यात ठेवता येतो."

बाबांनी एकच विचारलं, "ह्यो दारूचा डाग नाय ना?"

"नाही. दारूचा याच्याशी संबंध नाही."

"हिला सांगा."

डॉक्टरांनी खुर्ची आईकडे वळवली आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. बाबा हसले. चेहरा आखडल्यामुळे हसू अर्ध्यावरच थांबलं, पण ते खूश होते. असाध्य रोग निघाल्यावर इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आई उठली आणि पदराने त्यांच्या कानशिलावरचं जेल पुसायला लागली. पुसून झालं तरी पुसत राहिली.

"दारू असती," ती म्हणाली, "तर सोडवली तरी असती."