परबने न लिहिलेलं कर्ज

गिरण्यांचा संप सुरू होऊन आठ महिने झाले होते. मी लष्करात नायक होतो, पोस्टिंग कुलाब्याच्या एका सिग्नल सेंटरमध्ये. घर भोईवाड्यात. माझ्याच सेक्शनमधला लान्स नायक विश्वनाथ परब लालबागचा. दोघांचेही वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, आता दोघेही घरी बसलेले. आमचा दिवस ठरलेला. 0530 ला पीटी, 0800 ला ड्यूटी.

त्या महिन्यात सायफर कोर्ससाठी आमची दोघांची नावं गेली. सायफरवाला गुप्त संदेश संकेतात बांधतो आणि आलेले उलगडतो. त्याआधी माणसाची चौकशी होते. सुभेदार साहेबांनी फॉर्म वाटले आणि म्हणाले, "जो है, वही लिखना."

एक रकाना कर्जाचा होता. घर चालवायला मी सावकाराकडून पैसे उचलले होते आणि हप्ते थकले होते. तसंच लिहिलं. लिहितानाच वाटलं, कोर्स गेला.

कँटीनमध्ये परबने विचारलं, "कर्ज लिहिलंस?"

"लिहिलं."

"येडा आहेस काय? गेलास ना रे कामातून! मी 'नाही' लिहिलं."

"आणि कळलं तर?"

"कोण सांगणार? तू?"

मी चहा संपवला. त्याच्या घरीही सावकाराचा माणूस खेपा घालतो, हे मला ठाऊक होतं. 

सहा आठवड्यांनी 1100 ला मेजर साहेबांनी दोघांना आत बोलावलं. सॅल्यूट करून उभे राहिलो. माझा क्लिअरन्स मंजूर होता. मला वाटलं, फायलींची अदलाबदल झाली.

"परब, तुम्हारा रिजेक्ट हुआ है."

"साब, कर्जा तो इसका भी है."

"इसने लिखा है. साहूकार का आदमी तुमसे गेट पर मिला था?"

परब म्हणाला, "हां, साब."

"क्या चाहिए था उसको?"

"पूछ रहा था, यहां से जवान कब निकलते हैं, कहां जाते हैं. बोला, बता दो तो ब्याज माफ."

 बराकीत आमच्या खाटा शेजारी होत्या. यातलं एक अक्षर तो मला बोलला नव्हता.

"मैंने कुछ नहीं बताया, साब."

"मानता हूं. लेकिन तुमने हमें भी नहीं बताया."

 पंधरा दिवसांत त्याची मूव्ह ऑर्डर आली. उत्तरेला, उंचावर, लाइन पार्टीत. टेलिफोनची तार तुटली की चालत जाऊन जोडायची. निघताना किटबॅग खांद्यावर टाकून म्हणाला, "कोर्स नीट कर."

पुढच्या हिवाळ्यात मीही उत्तरेत होतो, एका हेडक्वार्टरच्या सायफर ऑफिसात. 1540 ला एक संदेश आला. उलगडायला बसलो. हिमस्खलन. लाइन पार्टी. तीन जवान मृत. पहिल्या जवानाचा नंबर उलगडला, मग रँक, मग नाव. नावाची दोन अक्षरं झाली आणि पेन्सिल थांबली. एकाच नावाचे दोन असू शकतात, असं मनाशी म्हणालो आणि उरलेली अक्षरं पुरी केली. नियमाप्रमाणे पुन्हा तपासलं. चूक नव्हती. सही कुठे करायची हे मला आठवेना. ड्यूटीवरच्या जेसीओ साहेबांनी बोट ठेवून दाखवलं.

सुट्टीवर आलो तेव्हा लालबागला गेलो. त्याच्या वडिलांना गिरणीने परत घेतलं नव्हतं. त्यांनी मला खाटेवर बसवलं.

"कर्जापायी काढल्यानी ना रे तेका हयसून?"

मी खरं तेच सांगितलं. "नाही, काका. कर्ज माझ्यावरही होतं. त्याने ते लपवलं."

 काका हळू आवाजात म्हणाले, "कर्ज माझां होतां. सही तेची घेतलंय. कोणाक सांगा नको म्हणान मीच तेका बजावलंय."

 त्याच्या लाइन पार्टीतल्या एका जवानाकडून मला एक गोष्ट कळली होती, ती मी काकांना सांगितली. त्या दिवशी तार जोडून झाली होती. 1310 ला परबने एक्स्चेंजला फोन लावून कळवलं होतं, "लाइन ओके." परतताना बर्फाचा कडा कोसळला.

लान्स नायक विश्वनाथ परब. वय सव्वीस. काकांनी 'लाइन ओके' हे दोन शब्द मला पुन्हा म्हणायला लावले.