दिघे साहेबांच्या टाकीतले मासे

फोन आला तेव्हा मी पिपलानीच्या स्टॉपवर कंपनीच्या बसची वाट बघत होतो. दिघे साहेबांच्या घरून काकू एवढंच म्हणाल्या, "साहेब गेले रे... झोपेतच." त्यांचं घर दोन गल्ल्या पलीकडे, तरी मी स्टॉपवरच उभा राहिलो. दीड महिना झाला त्याला. रडू नंतर आलं, आधी भीती वाटली, हे आज कबूल करतो. आता आपलं कसं होणार, ही भीती.

मी वाशीमकडचा. नववीत शाळा सुटली, पोटामागे फिरत तिशीत भोपाळला आलो. दिघे साहेब औषधाच्या कारखान्यात सांडपाण्याच्या विभागाचे प्रमुख. त्यांनी मला हेल्पर म्हणून ठेवून घेतलं. "या, नववीचे शास्त्रज्ञ!" ही त्यांची रोजची हाक. फेस बघून, वास घेऊन पाणी कसं ओळखायचं, ते त्यांनीच शिकवलं.

शुद्ध केलेलं पाणी बाहेर सोडण्याआधी आमच्याकडे काचेच्या टाकीतून जातं. टाकीत मासे. ते जगले म्हणजे पाणी चांगलं. एकदा तपासणीच्या दिवशी सकाळीच पाचही मासे पोट वर करून तरंगताना दिसले. साहेबांची नाचक्की नको म्हणून मी धावत टी. टी. नगरच्या बाजारातून तसेच पाच आणले आणि टाकी नळाच्या पाण्याने भरून तिच्यात सोडले. साहेबांनी टाकीत वाकून बघितलं. "हे कालचे नाहीत." मी खरं सांगितलं. वाटलं, पाठ थोपटतील.

"अरे, अख्ख्या कारखान्यात तेवढे पाच जण खरं बोलत होते, त्यांनाही तू गप्प केलंस!"

मेलेले मासे त्यांनी मला कचऱ्यातून काढायला लावले आणि तपासणीवाल्यांना दाखवले. मग पाण्याचा माग काढत ते उत्पादन विभागात पोचले. अँटिबायोटिकची भांडी धुतलेलं पाणी सरळ आमच्याकडे येत होतं. पहिलं घट्ट धुवण वेगळं साठवून जाळायला पाठवायचं, शेवटचं, जवळजवळ स्वच्छ, त्याच औषधाच्या पुढच्या बॅचला पहिल्या धुण्यासाठी वापरायचं... एवढ्यासाठी ते दोन वर्षं भांडले आणि शेवटी ते सुरू करून घेतलं. वरचे हसायचे, "दिघेजी, आप यहाँ दवा बनाने आए हैं या मछली पालने?" साहेब म्हणायचे, "मछली पालने." बढती गेली. माशांच्या त्या प्रकरणावरून मला काढायचं ठरलं तेव्हा, "मग माझाही राजीनामा घ्या," म्हणाले. हे मला काकूंकडून तेराव्याला कळलं.

साहेब गेल्यावर पंधरा दिवसांत खर्चाच्या नावाखाली घट्ट धुवण पुन्हा आमच्याकडे येऊ लागलं. मासे मरू लागले. नवे मॅनेजर म्हणाले, "भैया, टंकी में नल जोड़ दो. मछली भी जिएगी, तुम्हारी नौकरी भी." मी जोडला. गावाकडे आई आहे, दोन मुली आहेत... जोडला. आठवडाभर मासे मजेत फिरले आणि मी टाकीकडे पाठ करून डबा खायचो.

मग एका सकाळी पाना घेऊन मी ती जोडणी काढली. दुपारपर्यंत तीन मासे उलटे झाले. रोजच्या वहीत लिहिलं, 'तीन मासे मेले', आणि खाली सही केली. दुसऱ्या दिवशी गेटवर माझा पास काढून घेतला.

परवा आतल्या एका सोबत्याचा फोन आला होता. टाकीत नवे मासे आणलेत म्हणे, चांगले चपळ आहेत, एकही मेलेला नाही... काकूंना मी हे अजून सांगितलेलं नाही.