आत्याचे आठ दिवस

त्या सकाळी आत्याच्या हृदयाचा आकडा कळणार होता आणि धडधडत होतं माझं! ती आपली दवाखान्यातल्या बाकड्यावर बसून समोरचं घड्याळ दोन मिनिटं मागे असल्याची तक्रार करत होती.

आत्या घड्याळं दुरुस्त करते. चाळीस वर्षं झाली. दुरुस्त झालेलं घड्याळ ती लगेच देत नाही, आठ दिवस खिळ्याला टांगून ठेवते. गिऱ्हाईक कितीही कुरकुरलं तरी एकच उत्तर, "बसू दे जरा. येईल ताळ्यावर."

कॅन्सरसाठी तिला केमोचं एक लाल रंगाचं औषध सुरू झालं. चौथ्या डोसनंतर जिना चढताना धाप लागायला लागली. मग या बाईनं काय करावं? स्वतःलाच आठ दिवस दिले! वर आणखी आठ. मला पत्ता लागेपर्यंत पाय सुजले होते. मी असली भडकले!

डॉक्टरीणबाई मात्र आठ दिवसांची ती गोष्ट ऐकून शांतपणे म्हणाल्या, "या औषधामुळे हृदयाच्या स्नायूत ऑक्सिजनचे उपद्रवी कण तयार होतात. ते पेशी पोखरतात, लोखंडाला गंज चढावा तसे. हे घड्याळ आपोआप ताळ्यावर येत नाही, मावशी. लवकर सांगितलं तर गोळ्यांनी सावरू शकतं. यापुढे काहीही वाटलं की लगेच सांगायचं."

हृदयाचा रक्त ढकलण्याचा जोर बासष्ट टक्क्यांवरून चव्वेचाळीसवर आला होता. लाल औषध कायमचं बंद झालं, दुसरं आलं. पण गाठीच्या ऑपरेशनसाठी आकडा पन्नासच्या वर हवा होता. तीन महिने गोळ्या घेतल्या, आणि आज ही तपासणी.

दार उघडलं. "छप्पन्न!" डॉक्टरीणबाई हसत म्हणाल्या. "ऑपरेशन पुढच्या सोमवारी."

मी चक्क उडी मारली. शेजारच्या अनोळखी आजोबांचा हात धरून हलवला. मला रडू आवरेना आणि हसूही.

घरी पोचून जिना चढतानाही मी बडबडतच होते. दुसऱ्या मजल्यावर आत्या कठडा धरून थांबली. मी मागे वळले.

"किंचित दम लागलाय," ती म्हणाली. "लाव फोन डॉक्टरीणबाईंना."

"आत्ता?"

"मग काय आठ दिवसांनी?"