ब्लॅक फॉरेस्टचा उतार

ब्योब्लिंगेनहून आम्ही ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगराळ जंगलात निघालो, ते भाड्याच्या पेट्रोल मोटरहोममधून, म्हणजे मागे स्वयंपाकघर असलेल्या गाडीतून. मागे ट्रेलरवर आमची छोटी कार बांधलेली होती. नवऱ्याने आठवडाभर व्हिडिओ पाहून मोटरहोम चालवण्याचा अभ्यास केला होता. त्याच्या शेजारी बसलेल्या सासऱ्यांनी तीस वर्षं घाटात एसटी चालवली होती, पण त्यांना कोणी काही विचारलं नाही.

चढ कसाबसा पार पडला. उतारावर मात्र नवरा सारखा ब्रेक दाबू लागला आणि जळका वास आला.

"काही करपलंय का गं मागे?" सासऱ्यांनी मला शांतपणे विचारलं.

"नाही बाबा."

"मग ब्रेक असतील."

नवऱ्याने गाडी पार्किंगला घेतली. ब्रेक थंड होईपर्यंत आम्ही चहा प्यायलो. शेवटी त्याने विचारलं, "बाबा, तुम्ही घाट कसा उतरायचात?"

"ज्या गिअरमध्ये चढायचं, त्यातच उतरायचं. ब्रेक अधूनमधून."

खालच्या गिअरमध्ये इंजिन घुरघुरलं आणि गाडीचा वेग आपोआप आवरला. मागे रांग लागली, पण आम्ही सुखरूप पोचलो.

संध्याकाळी नवरा फोनवर मित्राला घाट उतरण्याचं शास्त्र समजावत होता. सासरे शेजारी बसून, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे, मान डोलवत होते.